फोनवरून भाऊबंदकी

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब आहे. मोठा मुलगा पुण्यात नोकरीला असून आयफोन वापरतो. पुतण्या गावातच कृषी सेवा केंद्र चालवतो आणि सॅमसंगशिवाय दुसऱ्या फोनला हात लावत नाही. यंदा दिवाळीत ‘तुझा फोन गरिबाचा’, ‘तुझा नुसता दिखाव्याचा’ इथपर्यंत बोलणे गेले आणि भाऊबीजेलाही दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. ज्या कंपन्या यांना ओळखतही नाहीत, त्यांच्यासाठी एका ताटात जेवलेली मुले का भांडतात? बारावी झालेल्या मुलीला फोन घ्यायचा आहे, तर कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : दोघांनी एकमेकांच्या ऐपतीवर आणि अकलेवर बोट ठेवले, फोन हे निमित्त झाले. घामाचे पैसे घालून घेतलेल्या वस्तूला कोणी नावे ठेवली, की ती आपल्यालाच ठेवल्यासारखी लागतात. मग माणूस आपल्या वस्तूचे गुण आणि दुसऱ्याच्या वस्तूचे दोष शोधत बसतो. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेले आणि १९७०-७१ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग येथे आठवतात. दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली, एवढ्या किरकोळ गोष्टीवरून मुलांचे गट पाडल्याचे त्यांना सांगितले होते. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि दुसऱ्या गटापेक्षा वरचढ राहता यावे म्हणून काही वेळा स्वतःच्या गटाला मिळू शकणारी जास्तीची रक्कमही सोडली. आपल्या घरातल्या दोघांकडे तर हजारो रुपयांचे कारण आहे.

कंपन्यांचे वैर मात्र आपल्या मुलांनी मानले आहे तेवढे नाही. आयफोन बनवणाऱ्या अॅपलने २०१७ मध्ये आणलेल्या आयफोन टेनचा ओएलईडी पडदा सॅमसंगच्याच कारखान्यात तयार होत होता, आणि पुढच्या अनेक आयफोनांनाही सॅमसंगने पडदे पुरवले. न्यायालयात पेटंटवरून वर्षानुवर्षे लढणाऱ्या या कंपन्यांनी आपसातली खरेदी-विक्री कधी बंद केली नाही. हे दोघांनाही समोर बसवून अवश्य सांगावे.

आपल्या मराठवाड्याने एक निष्ठा जवळून पाहिली आहे. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० धूळ सहज आत जाऊ न देणाऱ्या बटणांचा आणि माथ्यावर छोटी बॅटरी असलेला फोन होता. भारनियमनामुळे रात्री-अपरात्री मोटार चालू करायला निघालेला शेतकरी त्याच उजेडात बांध ओलांडत असे. त्या काळी नोकियावाला दुसऱ्या कंपनीचे नाव ऐकून घेत नसे. पुढे टचस्क्रीनचे स्वस्त फोन आले, २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि लोकांनी फारसे वाईट वाटून न घेता दुसरे फोन खिशात घातले. मला ती निष्ठा निरोगी वाटते, कारण ती कामाशी होती आणि काम संपताच संपली.

आजची निष्ठा इतकी सहज सुटत नाही, याचे एक कारण साधे आहे : आयफोनवाल्याची छायाचित्रे आयक्लाउडमध्ये, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि विकत घेतलेली अॅप्स त्याच कंपनीच्या दुकानात असतात; सॅमसंगसारख्या अँड्रॉइड फोनकडे यायचे तर ती अॅप्स पुन्हा विकत घ्यावी लागतात. उलट बाजूनेही तेच. तेव्हा पुष्कळांची निष्ठा म्हणजे घर बदलण्याचा कंटाळा असतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मुलीच्या बाबतीत दोघांचेही ऐकू नये, तिलाच विचारावे. ठरवलेल्या रकमेत बसणाऱ्या फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चे आयओएस १८, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या प्रणालीची त्या वर्षीची आवृत्ती, मिळाले. सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी एस२४ मालिकेपासून सात वर्षांचे वचन दिले आहे, पण त्यांच्या प्रत्येक स्वस्त मॉडेलला ते लागू नाही. दुरुस्तीचे अधिकृत केंद्र परभणीत आहे, की त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागेल, याचीही चौकशी करावी. पडदा फुटल्यावर हा फरक फार जाणवतो.

प्रश्न : मी लातूरला वसतिगृहात राहून नीटची तयारी करतो. मित्र माझ्या फोनवरून चिडवतात, म्हणून जुना आयफोन घ्यावा असे वाटते. घेऊ का?
– एक विद्यार्थी

उत्तर : चिडवणे थांबावे म्हणून घेऊ नकोस; नवे मॉडेल येताच तेच मित्र जुन्या आयफोनवरून चिडवतील, आणि हप्ते तुझ्या वडिलांना भरावे लागतील. तरीही घ्यायचाच झाला, तर पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याला तुझ्यासमोर त्याच्या आयक्लाउडमधून साइन आउट करायला लाव, नाहीतर फोन कुलूपबंदच राहील. नंतर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहा आणि इंग्रजीत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठव. चोरीला गेल्याची नोंद होऊन बंद केलेला फोन असेल तर ते त्यातून कळते.