नस कुठली? दबलेली, फुटलेली की चढलेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची कंबर दुखत होती, डॉक्टर म्हणाले मणक्यात नस दबलीय. घरी लगेच चर्चा, की रक्तपुरवठा बंद पडला का, पाय काळा पडेल का. हातात दिलेल्या माहितीपत्रकात मज्जातंतू लिहिलंय, मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतातंतू, आजी म्हणते शीर. हे सगळं एकच का, आणि बरोबर शब्द कुठला?

आधी काळजीचं बघू. ही नस रक्ताची नाही. मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातून खाली जाणारी जी दोरी आहे तिच्यातून चेतांच्या (चेता म्हणजे निरोप वाहणारी दोरी, इंग्रजीत नर्व्ह) 31 जोड्या बाहेर पडतात, दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून. तिथली गादी सरकली की या चेतेच्या मुळावर दाब येतो, मग कंबर राहते बाजूला आणि पाय दुखतो, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बिघडतं ते निरोपाचं येणंजाणं, रक्त आपलं त्याच्या वाटेने चालूच असतं.

आता शब्द. आपल्या बोलण्यात नस हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना लागतो आणि गंमत म्हणजे गोंधळ फारसा होत नाही, कारण काम क्रियापद करतं. नस कापली, नस फुटली म्हटलं की ती रक्तवाहिनी. मेंदूची नस फुटली म्हणतात तेव्हा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो, चेता काही फुटत नाही, ती पोकळ नळी नाहीच. नस दबली म्हटलं की चेता. आणि रात्री झोपेत पोटरीची नस चढली म्हणतात तेव्हा ना रक्तवाहिनी ना चेता, तिथे स्नायू आखडून गोळा आलेला असतो. तुमच्या घरच्यांनी दबली हे क्रियापद ऐकलं आणि डोळ्यापुढे पाण्याचा पाइप आणला, एवढंच झालं.

पण एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबल्या कशा? याचं उत्तर स्वतःच्या कोपरावर मिळतं, खरंच करून बघा. हात कोपरात काटकोनात वाकवा, तळवा वर करून टेबलाला खालून टेकवा आणि टेबल वर उचलायचा जोर लावा. कोपराच्या खळगीत दुसऱ्या हाताच्या बोटाला एक ताठ दोरी लागेल, ती दंडाच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारं त्याचंच टोक. त्याच खळगीत कातडीखाली निळसर दिसते ती शीर, रक्त तपासायला सुई तिथेच टोचतात. आता कोपराच्या मागे या, आतल्या बाजूला जे हाडाचं टोक आहे त्याच्या मागच्या खाचेत हळूच बोट फिरवा, एक गुळगुळीत दोरी बोटाखालून सटकते आणि जरा जास्त दाबलं तर करंगळीत झिणझिण्या जातात. ही चेता. दाराच्या कडेला कोपर आपटून जीव कळवळतो तो हिच्यामुळे, हाडाचा काही दोष नाही. तर कंडरा, शीर, चेता, तिन्ही हाताला लागतात दोरीसारख्याच. शरीर न फाडता बाहेरून चाचपून नावं ठेवणाऱ्या माणसाने तिन्हींना एकच नाव दिलं तर त्याचं काय चुकलं?

आणि हे फक्त आपणच केलेलं नाही. संस्कृतात स्नायु म्हणजे मुळात कंडरा, बांधून ठेवणारी दोरी. सुश्रुतसंहितेत शरीरात 900 स्नायू, 700 सिरा आणि 500 पेशी मोजल्यात आणि दाखला नावेचा दिलाय, फळ्या दोरांनी घट्ट आवळल्या म्हणजे नाव जशी भार पेलते तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं असल्यामुळे भार पेलतं. याच शब्दाचा ग्रीक भाऊबंद म्हणजे न्यूरॉन, तोही आधी कंडराच, आणि लॅटिनमधला नर्व्हस तोही तसाच, त्यावरून इंग्रजी नर्व्ह. इ. स. पू. 300 च्या आसपास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हिरोफिलस या ग्रीक वैद्याने मृतदेह उघडून पाहिले तेव्हा त्याला कळलं की यातल्या काही दोऱ्या हाडं बांधत नाहीत, त्या मेंदूकडे आणि पाठीच्या कण्याकडे जातात आणि संवेदना न् हालचाल त्यांच्यावर चालते. वस्तू वेगळी निघाली, नाव मात्र कंडरेचंच राहिलं. आपली नससुद्धा याच कुळातली, संस्कृत कोशात स्नसा म्हणून शब्द आहे, अर्थ स्नायूचाच. म्हणजे न्यूरोवाल्या डॉक्टरांचं न्यूरो आणि पोटरीत चढणारी नस लांबच्या का होईना, नात्यातल्या निघाल्या! शीर मात्र वेगळ्या घरची, ती सिरेवरून आली, म्हणून शीर शब्द रक्ताच्या जास्त जवळचा, जरी मानेची शीर धरली असंही आपण म्हणतोच. रग फारसीतून आली, तिकडे अर्थ शीर, आपल्याकडे रग जिरवतात.

पुढची गंमत भाषांतर करणाऱ्यांनी नीट वाचा. मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदी-बंगालीत तोच शब्द नर्व्हसाठी वापरतात, हिंदीतलं स्नायु तंत्र म्हणजे आपली चेतासंस्था. सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, मसल, आणि हिंदीने मांसपेशीत तो अर्थ जपला, मराठीत मात्र पेशी म्हणजे सेल. त्यामुळे हिंदीवरून घाईघाईत मराठी केलेल्या पत्रकात स्नायूंचा आजार लिहिलेलं दिसलं तर आधी मूळ शब्द विचारायचा, नाहीतर मेंदूच्या दुखण्याला माणूस मसाज करत बसेल.

मज्जातंतूबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर, आयुर्वेदाने शरीराचे जे सात धातू मानले त्यांत अस्थीनंतर येते ती. कण्याच्या पोकळीतही मऊ पांढरट काहीतरी दिसलं म्हणून तीही मज्जा, त्यावरून मज्जारज्जू, त्यातून निघणारे ते मज्जातंतू, आणि सगळ्याची मिळून मज्जासंस्था. दिसायला सारखं, पण काम अगदीच निराळं, अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करते, मज्जारज्जू निरोप वाहतो. ही चूकही जगभरची आहे, जर्मनमध्ये मज्जारज्जूला सरळ पाठीची मज्जा म्हणतात. डॉक्टरी इंग्रजीत तर मायलोमा हा अस्थिमज्जेचा कॅन्सर आणि मायलायटिस ही मज्जारज्जूची सूज, दोन्ही मज्जेच्या एकाच ग्रीक शब्दावरून. चेतातंतूंवरच्या वेष्टनाचं मायलिन हे नावही त्यातलंच. (मजा या अर्थी मज्जा लिहिणाऱ्यांचा इथे काही संबंध नाही, तो शब्द फारसी.)

म्हणून लिहिताना मी चेता घेतो. चित्, चेतना, आग चेतवणे, सगळं एका धातूचं, आणि या दोऱ्यांमधून विजेचे स्पंद जातात, जलद तंतूंमध्ये सेकंदाला 100 मीटरच्याही वर, तेव्हा चेतवणं शोभतंही. अर्थात चेतातंतूतही एक खोट आहे. तंतू म्हणजे एक धागा आणि कोपरामागे बोटाखाली सटकली ती हजारो धाग्यांची जुडी, म्हणून पूर्ण दोरीला नुसतं चेता आणि आतल्या एकेका धाग्याला चेतातंतू म्हणणं नेमकं. विश्वकोशात तंत्रिका सापडेल, तोही चांगला शब्द, पण बोलण्यात उतरला नाही. मज्जारज्जू मात्र मी सोडत नाही, मेरुरज्जू जास्त बरोबर हे मान्य करूनसुद्धा, कारण तो घरोघरी पोचलाय.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आणखी एक. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या मणक्यांपैकी वरच्या एकदोन मणक्यांपाशीच संपतो, खाली नुसत्या चेतांच्या मुळांचा झुपका लोंबतो, त्याचं लॅटिन नाव घोड्याची शेपटी या अर्थाचं आहे. म्हणजे अगदी खालच्या मणक्यांमध्ये दबलेलं असेल तर तिथे रज्जू नसतोच, या शेपटीतला एखादा केस चिमटलेला असतो. आजींना शीर म्हणू दे, फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांना कुठल्या दोन मणक्यांमधली हे विचारून घ्या.