टॅक्सॉल आणि यूची पाने

प्रश्न : टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध १९९४ मध्ये प्रयोगशाळेत संपूर्णपणे तयार झाले, तरी कारखान्यात ते तसे का बनवत नाहीत?

उत्तर : मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेत १९७१ मध्ये टॅक्सॉलच्या ज्या रेणूची रचना प्रसिद्ध केली, त्यात ११ असममित कार्बन अणू आहेत, म्हणजे चार वेगवेगळे गट जोडलेले आणि त्यामुळे दोन आरशातल्या प्रतिमांसारख्या दिशांनी मांडता येणारे अणू. प्रत्येकाची दिशा अचूक साधायची म्हणजे टप्पे वाढतात; दर टप्प्याला ९० टक्के उत्पादन मिळाले, तरी ४० टप्प्यांनंतर जेमतेम दीड टक्का हाती उरते. म्हणून युरोपीय यू या सूचिपर्णी वृक्षाच्या पानांतून रेणूचा गाभा आयता मिळवून त्याला फक्त पार्श्वसाखळी, म्हणजे बाजूला लागणारी अणूंची छोटी साखळी, जोडण्याचा मार्ग रूढ झाला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो, कारण हे औषध आधी यूच्या सालीतून काढत, आणि साल सोलली की झाड मरते, पाने मात्र पुन्हा फुटतात.