‘रॉ’मधली कुस्ती नुरा नव्हे

एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. ते दर आठवड्याला डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-करमणूक कंपनीच्या ‘रॉ’ या टीव्ही कार्यक्रमाचं मराठीत विनोदी परीक्षण लिहितात. कार्यक्रम अमेरिकेत सोमवारी रात्री असतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवार उजाडलेला असतो. गेल्या खेपेला त्यांनी लिहिलं, ‘मुख्य लढत म्हणजे निव्वळ नुरा कुस्ती.’ त्यांच्या वडिलांनी तरुणपणी तालमीत मेहनत केलेली. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, ‘नुरा असती तर लोकांनी दोघांना मैदानातून हाकललं असतं. ही नुरा नव्हे.’ तर वडिलांचं म्हणणं बरोबर आहे का, नुरा नाही तर काय म्हणायचं, आणि ‘चितपट’, ‘धोबीपछाड’ हे आखाड्यातले शब्द या लढतींना चालतात का, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमच्या वडिलांचं अगदी बरोबर आहे. आणि त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं त्यातच शब्दाचा खरा अर्थ आहे.

नुरा कुस्ती म्हणजे दोघांनी आतून ठरवून केलेली कुस्ती, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. हिंदी, उर्दू, पंजाबी, मराठी सगळीकडे हा शब्द चालतो. दोन पक्ष बाहेर भांडतात आणि आत मिळालेले असतात, तेव्हा आपले अग्रलेख आणि पाकिस्तानातली वर्तमानपत्रं हाच शब्द काढतात. पण नुरा व्हायला दोघं पुरत नाहीत, तिसरा लागतो. तो तिसरा म्हणजे ज्याला काही माहीत नाही आणि ज्याचं नुकसान होतं तो. जत्रेतलं मैदान डोळ्यांपुढे आणा. सकाळी पोरांच्या रेवड्या-नारळावरच्या कुस्त्या होतात, ऊन उतरेपर्यंत इनामाची रक्कम चढत जाते, हलगी कडाडत असते. ते इनाम गावानं घरोघर वर्गणी काढून जमवलेलं असतं. अशा वेळी दोन नावाजलेले पैलवान नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून फिरत राहिले, की आधी कुजबुज, मग शिट्ट्या, मग आरडाओरडा सुरू होतो. लोक चिडतात, कारण त्यांचे पैसे निकाली कुस्तीसाठी दिलेले असतात. नुरा या शब्दात तो राग भरलेला आहे. तो फसवणुकीचा शब्द आहे.

‘रॉ’च्या बाबतीत फसलेला तिसरा कुठे आहे? निकाल आधी ठरतो हे कंपनीनं स्वतःच सरकारदरबारी सांगून टाकलं आहे. 1989 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे त्यांनी कबुली दिली की आमचा खेळ ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. त्यामागे हिशेब होता. स्पर्धा म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली आणि कर आला. ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला तो जानेवारी 1993 मध्ये, म्हणजे या कबुलीनंतर. जे चव्हाट्यावर सांगून केलं जातं, त्याला नुरा म्हणता येत नाही.

मग ‘लुटुपुटूची कुस्ती’ म्हणावं का? तेही नको. लुटुपुटूच्या लढाईत कुणाला लागत नाही, पोरं खेळतात आणि कपडे झटकून जेवायला जातात. इथे लागतं. एकदा एखादी आपटी मंद गतीनं पाहा. वर उचललेला पैलवान हवेत असतानाच हनुवटी छातीला चिकटवतो, म्हणजे डोकं मागे आपटणार नाही. मग पाठ सपाट टेकवतो आणि त्याच क्षणी दोन्ही हात बाजूला पसरून तळहात जमिनीवर मारतो, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि कॅनव्हास. मऊ गादी नव्हे. आपल्या खणलेल्या, तेल-ताक घालून मुरवलेल्या लाल मातीपेक्षा ते नक्कीच कठीण. उचलणारा त्याला जपून सोडतो आणि उचलला जाणारा स्वतः उडी घेऊन साथ देतो, तेव्हा कुठे ती आपटी जुळते. मे 1999 मध्ये ओवेन हार्ट हा पैलवान वरून दोरानं रिंगमध्ये उतरताना प्रेक्षकांसमोर पडला आणि त्यात त्याचा जीव गेला. या धंद्याला ‘खोटा’ म्हणताना मला म्हणूनच जड जातं. निकाल ठरलेला असतो, पडणं खरं असतं. मी ‘ठरीव कुस्ती’ म्हणतो. त्यात निकालाबद्दलचं खरं येतं आणि अंगमेहनतीचा अपमान होत नाही.

आता यातल्या सगळ्यात रसाळ शब्दाकडे येतो. या धंद्यातले लोक एक शब्द वापरतात, ‘केफेब’. अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमधल्या खेळवाल्यांच्या सांकेतिक बोलीतून तो आला. अर्थ असा की जे रूप घेतलं आहे ते लोकांसमोर काही झालं तरी सोडायचं नाही. रिंगमध्ये वैरी असलेले दोघं बाहेर हॉटेलात एका टेबलावर दिसता कामा नयेत, असा जुना दंडक होता. मराठीत याला शब्द शोधायला दूर जावं लागत नाही. ‘सोंग’ हा शब्द आपल्याकडे आहे, आणि त्याची क्रियापदंही तयार आहेत: सोंग घेणं, सोंग वठवणं, सोंग सोडणं. सिंधुदुर्गातला दशावतार पाहिलेल्या माणसाला केफेब समजावून सांगावं लागत नाही. पहाटेपर्यंत जो राजा म्हणून गरजतो, तोच उजाडल्यावर कपड्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण तिथलीच. पण रात्री तो राजाच असतो, आणि त्याला राजा मानण्यात गावाला कुणी फसवलेलं नसतं.

दशावताराशी हे नातं वरवरचं नाही. दशावतारात कथा पुराणातली, म्हणजे कोण जिंकणार हे पोरासोरांना माहीत. पण संवाद लिहिलेले नसतात. कोणतं आख्यान, कोणी कुठलं पात्र घ्यायचं, एवढं ठरतं आणि बाकीचं पेटी-पखवाजाच्या साथीनं रंगमंचावर उभं राहतं. ठरीव कुस्तीतही शेवट ठरलेला असतो, मधले काही टप्पे ठरलेले असतात, आणि बाकीचं दोघं एकमेकांच्या कानात कुजबुजत रिंगमध्येच जुळवतात. पकड घालून दोघं निवांत पडलेले दिसले की समजायचं, पुढचं बोलणं चाललं आहे. पंचाच्या कानातल्या यंत्रातून वेळ किती उरली तेही येत असतं. तुमच्या परीक्षणात विनोद काढायला ही जागा फार चांगली आहे, कारण हे दिसतं आणि दिसत नसल्यासारखं सगळे वागतात.

‘सोंग सोडणं’ म्हणजे काय, याचं एक ठळक उदाहरण आहे. 19 मे 1996 च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढती संपल्यावर चार पैलवान रिंगमध्ये आले आणि त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. शॉन मायकल्स आणि रेझर रेमन हे तेव्हा नायक, डिझेल आणि ट्रिपल एच हे खलनायक. खऱ्या आयुष्यात चौघं जिवलग मित्र, आणि त्यातले दोघं कंपनी सोडून चालले होते. निरोपाच्या भरात सोंग सुटलं. पाठीमागे मोठा गहजब झाला आणि राहिलेल्यांपैकी ट्रिपल एचला त्याची किंमत मोजावी लागली. ‘त्यांनी केफेब मोडलं’ यापेक्षा ‘त्यांनी सोंग सोडलं’ हे मराठी वाचकाला चटकन पोचतं.

दुसरा शब्द मी तुम्हाला मनापासून सुचवतो तो ‘बतावणी’. ‘रॉ’मध्ये कुस्तीपेक्षा माईकवरचं बोलणं जास्त असतं आणि त्याला तुम्ही ‘प्रोमो’ लिहिता. वर्तमानपत्रांमुळे बतावणी हा शब्द आता ‘पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लांबवले’ एवढ्यापुरता उरला आहे. पण तमाशात गण-गौळणीनंतर आणि वगाच्या आधी जी सवाल-जवाबाची, टोमण्यांची, हजरजबाबी बोलाचाली रंगते ती बतावणी. एकाच शब्दात नाटक करणं आहे आणि बोलण्याची कलाही आहे, आणि माईकवर जे चालतं ते नेमकं हेच आहे. ‘बतावणी वीस मिनिटं रंगली, कुस्ती तीन मिनिटांत आटोपली’ असं लिहा. हसू येईल ते शब्द अचूक बसल्यामुळे येईल.

आखाड्यातले शब्द चालतात का? चालतात, पण प्रत्येक शब्द आपलं वजन घेऊन येतो, ते पाहून उचलावा. ‘खडाखडी’ घ्या. कुस्तीच्या सुरुवातीला उभ्या-उभ्या मनगटं धरणं, मान दाबणं, समोरच्याचा अंदाज घेणं, त्याला खडाखडी म्हणतात. ‘रॉ’मध्ये लढत सुरू होताना दोघं खांदा-मान धरून भिडतात तीही खडाखडीच, आणि हा शब्द जसाच्या तसा बसतो.

‘चितपट’चं मात्र सांभाळा. आपल्या कुस्तीत पाठ लागली की कुस्ती संपली, मोजणी नाही. तिकडे खांदे टेकलेले ठेवून पंच तीनपर्यंत मोजतो आणि सगळी मजा दोन आणि तीनच्या मधे असते. तुमच्या परीक्षणात एके ठिकाणी ‘दोनदा चितपट झाला, तरी उठून उभा राहिला’ असं वाक्य आहे. तालमीतल्या माणसाला ते वाचताना ठेच लागते, कारण चितपट झालेला उठून पुन्हा लढत नाही. तिथे ‘पाठ टेकली, पण तीनच्या आत खांदा उचलला’ असं साधं लिहावं आणि चितपट शेवटच्या तीनसाठी राखून ठेवावा. ‘धोबीपछाड’चीही तीच गत. समोरच्याचा हात धरून, त्याच्याकडे पाठ करून, त्याला आपल्या खांद्यावरून पुढे आपटणं, धोबी दगडावर कपडा आपटतो तसं, हा एक ठरावीक डाव आहे. गळा धरून उचलून मागे आदळलं तर ती धोबीपछाड नव्हे. आपले क्रिकेट-वार्ताहर प्रत्येक पराभवाला धोबीपछाड म्हणतात म्हणून तो सैल झाला आहे, पण जिथे खरोखर कुस्ती चालली आहे तिथे तरी तो घट्ट राहू द्या.

आणि ‘जोड’. दोघा-दोघांच्या लढतीत एका बाजूच्या दोघांना तुम्ही ‘जोड’ म्हटलं आहे. तालमीत जोड म्हणजे एकमेकांशी लढणारे दोघं. ‘याला जोड कोण?’ म्हणजे याच्या विरुद्ध कोण. साथीदारांना ‘जोडी’ म्हणा. एक वेलांटी सुटली की दोस्ताचा दुश्मन होतो.

नायकाचा खलनायक होतो त्याला ‘पलटी मारणं’ हे राजकारणात रुळलेलं क्रियापद उत्तम चालतं. 1 मार्च 2025 ला टोरांटोत जॉन सीनानं मारली ती पलटीच, दोन दशकांहून जास्त काळ भला म्हणून वावरल्यानंतर.

‘फ्रीस्टाईल’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते फ्रीस्टाईल कुस्तीत, म्हणजे नियमांनी बांधलेल्या, गुणांनी मोजलेल्या प्रकारात. पण मराठी बातमीत ‘दोन गटांत फ्रीस्टाईल हाणामारी’ म्हणजे ज्याला जे हाती लागेल त्यानं मारणं. हा दुसरा अर्थ ऑलिम्पिकमधून येणं शक्य नाही. माझ्या मते तो आला दारासिंग आणि ‘किंग काँग’ नावानं लढणारा पैलवान यांच्या मुंबईतल्या कुस्त्यांमधून. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर गर्दी खेचणाऱ्या त्या लढतींना लोक ‘फ्रीस्टाईल’ म्हणत, आणि तिथे ठोसे, लाथा, दोरांवर आदळणं सगळं चालायचं. म्हणजे ठरीव कुस्तीनं मराठीला एक चलनी शब्द आधीच दिला आहे आणि तो आपण रोज वापरतो.

तुम्ही स्वतःच्या लेखनाला ‘परीक्षण’ म्हणता ते मात्र बदलू नका. सामन्याचा वृत्तांत असतो, नाटकाचं परीक्षण असतं. तुम्ही न कळत योग्य शब्द निवडला आहे.

एक काम मात्र करा. हनुवटी आत घेऊन, हात पसरून पाठीवर पडण्याच्या त्या कौशल्याला इंग्रजी बोलणारे पैलवान ‘बंप’ म्हणतात. त्यासाठी ‘आपटी’ मी वापरली खरी, पण आपटी खाल्ली जाते, ती नकळत घडते. हे तर शिकून घेतलेलं पडणं आहे. तुमच्या वडिलांना त्यांच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी पडायला शिकवलं असेल, तेव्हा काय म्हणून ओरडले होते, ते विचारून मला कळवा. तो शब्द मला हवा आहे.