राहतं शिल्प की शिल्पवास्तू?

प्रश्न असा आहे : फ्रेंच शिल्पकार आंद्रे ब्लॉक याने १९६०च्या दशकात पॅरिसजवळ म्यूदों इथे स्वतःच्या घराच्या बागेत ज्या रचना उभारल्या, त्यांना 'स्क्युल्प्त्यूर-आबिताक्ल' म्हणतात. त्याला 'निवासयोग्य शिल्प' म्हटलं तर चालेल का?

अर्थ बरोबर आहे, पण महापालिकेने शिल्पाला भोगवटा प्रमाणपत्र दिल्यासारखं वाटतं. 'शिल्पगृह' नकोच, ते ऐकून कुणालाही मूर्तींचं दालन वाटेल. 'वास्तुशिल्प' तर आर्किटेक्चर या अर्थी इतका सर्रास छापला जातो की तो आता गुळगुळीत झालाय.

मला 'राहतं शिल्प' आवडतं. 'राहतं घर' आपण रोज म्हणतो, त्याच वळणाचं. मात्र मग तिथे कुणीतरी राहिलेलं हवं. शिल्पकार निकी द सँ फाल हिची इटलीतल्या टस्कनीमधली टॅरो बाग, म्हणजे भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांवरल्या आकृतींच्या शिल्पांची बाग, १९९८ साली लोकांसाठी खुली झाली. तिथल्या सम्राज्ञीच्या अवाढव्य पुतळ्यात निकी बागेचं काम चालू असताना काही वर्षं राहत होती. एका स्तनात निजायची खोली, दुसऱ्यात स्वयंपाकघर, भिंतींवर आरशांचे तुकडे! हे खरं राहतं शिल्प. ब्लॉकच्या विटांच्या रचनांमध्ये माणूस शिरतो, हिंडतो, भोकांतून येणारा उजेड बघतो नि बाहेर पडतो. संसार मांडायला त्या बांधलेल्याच नाहीत. त्यांना मी 'शिल्पवास्तू' म्हणेन. 'वास्तू'त 'वस्' हा राहण्याचा धातू आहेच, निवास वेगळा चिकटवायला नको.

मग आपलं 'लेणं' काय वाईट? मोह मलाही होतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो' असे शब्द आहेत : हे लेणं आणि या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, करवली. लेणं भिक्षूंच्या राहण्यासाठीच होतं. मंडपाच्या कडेने त्यांच्या खोल्या आहेत. पण लेण्यात दगड काढत जायचं असतं. वेरूळचं कैलास तर वरून खाली कोरत आणलं. ब्लॉकने विटेवर वीट चढवली. त्याला लेणं म्हटलं की कोरणं आणि बांधणं यांतला फरकच पुसला जातो.

लिहिताना : ती शिल्पवास्तू, अनेकवचनी त्या शिल्पवास्तू. शेवटचा 'तू' दीर्घच.