घरात सगळ्यांसाठी एकच घ्यायचा, तर कोणता?

प्रश्न : ताई, घरी कॉम्प्युटर घ्यायचा आहे. बजेट ४५ हजारांचं. मुलगी अकरावी सायन्सला, मुलगा सहावीत. मिस्टर विम्याचं काम करतात, त्यांना रात्री याद्या आणि फॉर्म करायला लागतो. मी ब्लाउज शिवते, मला डिझाइन्स बघायची असतात. दुकानदार म्हणाला, आता डेस्कटॉप कोणी घेत नाही, लॅपटॉपच न्या. आमच्याकडे लाइट सारखी जाते म्हणून मलाही ते पटलं. मिस्टर म्हणतात डेस्कटॉप टिकतो. काय करावं?
– एक वाचक, ता. कराड

उत्तर : तुमच्या घरासाठी डेस्कटॉपच घ्या. लाइटचं बघता येतं, ते पुढे सांगते.

मी आधी एकच विचारते : मशीन घराबाहेर न्यायचं आहे का? तुमच्या पत्रात चौघांपैकी कोणीही ते बाहेर नेणार नाही. तुम्ही म्हणाल, लेक बारावीनंतर कॉलेजला जाईल तेव्हा लॅपटॉप लागेलच. लागेल ना, पण तो तेव्हा घ्या. आज घेतला तर ती हॉस्टेलला जाईपर्यंत त्याची बॅटरी अर्धीअधिक दमलेली असेल, बहुतेक लॅपटॉपांवर असणारी एक वर्षाची वॉरंटी संपलेली असेल, आणि तो तिच्या बॅगेत गेला की मिस्टर पुन्हा मोबाइलवर याद्या करत बसतील. शिवाय कुठल्या शाखेला जाते त्यावर तिला कसला लॅपटॉप लागेल हे ठरतं. आर्किटेक्चरला लागतो तो वेगळा, बीएस्सीला लागतो तो वेगळा.

माझ्याकडे दुरुस्तीला येणारे घरगुती लॅपटॉप बहुतेक चार माणसांनी हाताळलेले असतात. त्यात सगळ्यात जास्त बिजागरी तुटलेली. स्क्रीनची बिजागरी ज्या स्क्रूंनी धरलेली असते, ते स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या बारीक पितळी नटांत जातात. लहान मुलं एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडतात. सगळा जोर एका बाजूच्या बिजागरीवर येतो, नट प्लास्टिकसकट उपटून येतो आणि झाकण फाकतं. तसंच वापरत राहिलं की आतली डिस्प्लेची केबल कापली जाते. दुसरं म्हणजे चहा. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर चहा सांडला तर काही शे रुपयांत नवा कीबोर्ड येतो. लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या खालीच मदरबोर्ड, म्हणजे मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड असतो, आणि तो गेला की दुरुस्ती करावी की नको असा प्रश्न पडतो. डेस्कटॉपचं एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेलं तर तेवढंच बदला, रॅम (चालू कामाची मेमरी) कमी पडली तर पट्टी वाढवा. आजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढत नाही.

मुलाच्या मानेचाही विचार करा. लॅपटॉपची स्क्रीन कीबोर्डला चिकटलेली, त्यामुळे मान खाली जातेच. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल असा ठेवा, खाली दोन जाड पुस्तकं घातली तरी चालतं. सहावीतल्या मुलाचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात, त्याच्या पायाखाली पाट द्या. आणि टेबल बाहेरच्या खोलीत मांडा. तुमचं येता-जाता स्क्रीनवर लक्ष राहील. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता लाइट. घरात इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाइट गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा घ्या. साध्या डेस्कटॉपला तो दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तेवढा खर्च धरून चाला. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा खटका असतो. तो ‘इको’वर असला की लाइट जाताना क्षणभर खंड पडतो, पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. ‘यूपीएस’वर केला की बहुतेक वेळा मशीन चालू राहतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखीच वीज देणारा आहे ना, हेही विचारून घ्या. जुन्या स्क्वेअर वेव्हवर काही एसएमपीएस बंद पडतात.

यूपीएसच्याही आधी वायरमनला बोलावून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात. मशीन बहुधा चांगलं असतं, दोष घरच्या वायरिंगमध्ये निघतो.

बिलाची धास्ती नको. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून साध्या कामाला ८० वॅट धरले आणि रोज पाच तास वापरलं, तर महिन्याला १२ युनिट होतात. लॅपटॉपला चार-पाच युनिट लागतील.

घेताना ८ जीबीची रॅम एकाच पट्टीत घ्या, म्हणजे दुसरी जागा पुढे वाढवायला मोकळी राहते. फाइली साठवायला ५१२ जीबीचा एसएसडी, २२ किंवा २४ इंची फुल एचडी मॉनिटर. ग्राफिक्स कार्डाचे पैसे घालू नका. सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या मशीनला कॅमेरा, माइक, स्पीकर नसतात, आणि बऱ्याचदा वायफायही नसतं. मुलीच्या ऑनलाइन क्लासला हे सगळं लागेल, तेव्हा कोटेशनमध्येच लिहून घ्या.

ऑफिसांतून निघालेला जुना डेस्कटॉप स्वस्तात दाखवला, तर प्रोसेसरचा नंबर वाचा. आय५-८५०० म्हणजे आठवी पिढी, आय५-६५०० म्हणजे सहावी. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा सहावी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

प्रश्न : मी बँकेत आहे, दर तीन वर्षांनी बदली. सध्या रत्नागिरीत एका खोलीत राहतो. परीक्षांचा अभ्यास, सिनेमे आणि घरच्यांशी व्हिडिओ कॉल एवढाच वापर. लॅपटॉप कायम चार्जिंगला ठेवला तर चालतो का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही लॅपटॉपच घ्या, यात दुमत नाही. अभ्यासाला मात्र वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडा आणि लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला ठेवा. चार्जिंगला लावून वापरायला हरकत नाही, पण रोज शंभर टक्क्यांवर ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, ती चालू करा. गादीवर ठेवून वापरू नका, खालची हवा कोंडते. कोकणातल्या पावसाळ्यात तो बॅगेत पडून राहू देऊ नका, दोन-चार दिवसांनी तास-दोन तास चालू ठेवा. आणि टचपॅड वर उचललेला दिसला किंवा त्याचं क्लिक दबेनासं झालं, तर खालची बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. तेव्हा लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि बॅटरी दुकानातूनच बदलून घ्या.