जळगावजवळ नाल्याकाठच्या पाणथळ जागेत भराव टाकून प्लॉट पाडताहेत, थांबवता येईल का?

येईल, पण भराव बसायच्या आत हालचाल करा. गावनकाशा आणि सातबारा काढा. नाल्याची मूळ वाट नकाशावर दिसते. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं त्याचे तारखेसह फोटो ठेवा. अधिसूचित, म्हणजे सरकारने रीतसर जाहीर केलेल्या, पाणथळ जागेत २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन नियमांनुसार अतिक्रमण आणि कचरा टाकायला बंदी आहे. हे नियम लागू होण्याआधीच्या १० वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांत पक्कं बांधकामही चालत नाही. सिंचनासाठी बांधलेले जलाशय मात्र या नियमांतून वगळलेत. हतनूर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात एवढे पाहुणे पक्षी उतरतात, तरी तोही वगळलेल्यांतच, हे मला फार खुपतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्याच. राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) जायला साधारण ६ महिन्यांचीच मुदत असते, तोंडी आश्वासनांवर ती घालवू नका.