ॲस्ट्रोफिजिक्सची डिग्री साताऱ्यात का सापडत नाही?

कोरेगावचे एक पालक लिहितात : 'मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनीअरिंग नको, ॲस्ट्रोफिजिक्सच करणार म्हणते. साताऱ्यात या नावाची डिग्री कुठे दिसत नाही. तिला दुर्बीण घेऊन देऊ का? आणि पुढे पोटापाण्याचं काय?'

नमस्कार. दुर्बिणीचे पैसे तूर्त वाचवा, आणि त्या नावाची डिग्री शोधणंही थांबवा. फिजिक्स-गणित घेऊन साधी बी.एस्सी. झाली तरी ॲस्ट्रोफिजिक्सची, म्हणजे ताऱ्यांच्या भौतिकशास्त्राची, वाट धरता येते.

तारे दुर्बिणीतून बघून समजले, हा आपला समज. मोठ्या दुर्बिणीतूनही तारा बहुतेक वेळा ठिपकाच दिसतो. खरी माहिती मिळाली ती त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातून, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातून. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने 1814 च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा टिपल्या. त्यांचा अर्थ लागला 1859 नंतर, किर्खहॉफ आणि बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं की ती पिवळी होते ना, तो सोडियम. त्याच्याच रेषा सूर्यातही सापडल्या.

पण रेषा ठळक म्हणजे ते द्रव्य जास्त, असं नसतं. तापमान बदललं की रेषाही बदलतात. त्याचं समीकरण 1920 मध्ये कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी मांडलं. ते वापरून सेसिलिया पेन या तरुणीने 1925 च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ रसेलसारख्या दिग्गजाने 'हे शक्यच नाही' म्हटल्यावर तिला आपलाच निष्कर्ष सौम्य करून लिहावा लागला. 1929 मध्ये रसेलनेही तेच मान्य केलं! ही सगळी करामत कागदावरच्या गणिताची. आज कागदाच्या जागी कॉम्प्युटर आलाय, एवढंच.

म्हणून मुलीला एकच विचारा : फिजिक्सचं अडलेलं गणित तासभर सोडवत बसायला आवडतं, की फक्त यूट्यूबवर ब्लॅक होल बघायला?

पहिलं असेल तर बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., मग पीएच.डी. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोल संशोधन संस्था आहेत, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही फार लांब नाही. पीएच.डी.ला फेलोशिप मिळते. मात्र कायमच्या जागा मोजक्या, आणि स्थिरस्थावर होईपर्यंत तिशी सहज उलटते. त्यामुळे प्रोग्रॅमिंग आत्तापासून शिकू दे. संशोधन जमलं नाही तरी डेटाच्या नोकऱ्यांत ते कामी येतं.

बारावीनंतर थेट आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतही जाता येतं. सीईटी देऊ द्याच, पण आयसरच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म चुकवू नका. त्या परीक्षेत बायोलॉजीचेही प्रश्न असतात. तिने तो विषय सोडला असेल, तर अकरावीचं पुस्तक आजच बाहेर काढायला सांगा.